डावीकडच्या सीटवरचा माणूस

गाडीला हात लावायचा तो दोघांनीच. १९०६ सालच्या जूनमध्ये फ्रान्समधल्या ल मान्स शहराजवळ पहिली फ्रेंच ग्राँ प्री ही मोटारींची शर्यत झाली. तिच्या नियमांमधला हा एक नियम मला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त बोलका वाटतो. टायर फाटो, चाक निखळो, इंजिन बंद पडो, शर्यत चालू असताना गाडीचं जे काही करायचं ते गाडीतून आलेल्या दोघांनीच. एक ड्रायव्हर आणि दुसरा त्याच्या डाव्या हाताला बसलेला मेकॅनिक. मदतीला तिसरा माणूस नाही.

त्या शर्यतीचा आवाका आज कल्पनेत बसत नाही. एक फेरी १०३ किलोमीटरची. पहिल्या दिवशी सहा फेऱ्या, रात्री गाड्या कुलूपबंद आणि पहाऱ्यात, दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा. एकूण १२०० किलोमीटरहून जास्त, तेही खेड्यापाड्यांतून जाणाऱ्या साध्या रस्त्यांवरून. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर डांबर ओतलेलं होतं. जूनच्या उन्हाने ते पातळ झालं आणि चाकांबरोबर उडून मागून येणाऱ्यांच्या तोंडावर बसू लागलं. गाडीला पुढे काच नाही, डोक्यावर कापडी टोपी, डोळ्यांना गॉगल. रेनॉच्या एदमाँ नावाच्या ड्रायव्हरचा गॉगल फुटला आणि डांबर थेट डोळ्यांत गेलं. गॉगल बदलू द्या म्हणून तो थांबला. अधिकाऱ्यांनी नाही म्हटलं, कारण शर्यतीच्या मध्यात सामान बदलायचं नाही. माझ्या जागी दुसरा ड्रायव्हर बसवा म्हटलं तर तेही नाही. जवळजवळ आंधळ्या अवस्थेत त्याने आणखी दोन फेऱ्या मारल्या आणि मग सोडून दिलं. हे वाचताना माझ्या मनात येतो तो त्याच्या शेजारी बसलेला माणूस. दोनशे किलोमीटर! ज्याच्या हातात गाडी आहे त्याला दिसत नाही, हे आपल्याला माहीत आहे, आणि तरी आपण बसून आहोत. त्या दोन फेऱ्यांत एदमाँचे डोळे कोण झालं असेल, हे निराळं सांगायला नको.

जिंकला तो रेनॉचाच फेरेंत्स सीस. त्याच्या विजयाचं कारण म्हणून सगळीकडे टायरची गोष्ट सांगतात आणि ती खरीच आहे. त्या काळी टायर फाटला की तो सुरीने कापून चाकावरून सोलून काढायचा, नवा टायर बळाने रिमवर चढवायचा, मग हवा भरायची. दोन माणसं घामाघूम होऊनही पाव तास सहज जायचा. मिशेलिनने त्या वर्षी वेगळी करता येणारी रिम आणली. नट सोडा, टायरसकट रिम काढा, आधीच हवा भरून ठेवलेली दुसरी रिम बसवा. काम चार मिनिटांच्या आत. पण या रिममुळे प्रत्येक चाकाचं वजन सुमारे नऊ किलोंनी वाढायचं आणि गाडीच्या वजनाला १००० किलोंची मर्यादा होती, त्यामुळे प्रत्येकाला ती परवडणारी नव्हती. रेनॉला परवडली. सीस १२ तास १४ मिनिटांत पोचला. दुसरा आला फियाटचा फेलिचे नाझ्झारो, तब्बल ३२ मिनिटं मागे. निघालेल्या ३२ गाड्यांपैकी शेवटपर्यंत ११ उरल्या.

आता या हिशेबात रिमचं श्रेय कंपनीला मिळालं, चालवण्याचं सीसला. पण ती चार मिनिटं कुणाची होती? दर वेळी गाडी थांबायच्या आत उडी मारून खाली उतरणारा, जॅक लावणारा, तापलेल्या धातूवर पान्हा चालवणारा, आणि सीसच्या बरोबरीने धावत परत येऊन बसणारा माणूस मार्तो नावाचा होता. फोटोंमध्ये तो दिसतो. सीसच्या चेहऱ्यावर जेवढी डांबर-धूळ, तेवढीच त्याच्याही. इतिहासात मात्र त्याचं नुसतं आडनाव उरलं आहे.

माझा आग्रह असा आहे की त्या पहिल्या वीस वर्षांतल्या ड्रायव्हरांची आयुष्यं एकेकट्याची म्हणून लिहिली जातात आणि तिथेच ती चुकीची लिहिली जातात. १९०६ पासून १९२४ पर्यंत ग्राँ प्रीच्या गाडीत दोन माणसं असत. शर्यत दोघं करत. मरणही बहुतेक वेळा दोघांच्या वाट्याला येई, आणि कधी कधी फक्त एकाच्या.

त्या माणसाला गाडीत बसून काय काम असायचं, हे आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर तो नुसता ओझं म्हणून बसला होता असा समज होतो. अनेक गाड्यांमध्ये पेट्रोल इंजिनपर्यंत चढायला टाकीत हवेचा दाब लागे आणि तो हातपंपाने टिकवावा लागे. दाब उतरला की इंजिन धापा टाकू लागे. तेलाचं तसंच. इंजिनात तेल पोचतंय की नाही हे छोट्या काचेतून थेंब मोजत बघायचं, कमी वाटलं तर पंप मारायचा. दाबाचे, तापमानाचे काटे त्यानेच वाचायचे, कारण ड्रायव्हरला रस्त्यावरून नजर हलवायला फुरसत नसे. मागे वळून बघायचं, कोण किती जवळ आलाय ते सांगायचं. इंजिनाच्या त्या आवाजात बोलणं ऐकू येणं शक्य नव्हतं, म्हणून सांगायचं ते खांद्यावर किंवा गुडघ्यावर थाप मारून. टायरच्या रबराचा पापुद्रा सुटायला लागलाय का ते वाकून बघायचं. वळणावर अंग बाहेर झोकून गाडीचा तोल सांभाळायचा. गाडी बंद पडली तर उतरून पुढे जाऊन हँडल मारायचं. आणि हे सगळं पट्टा नसलेल्या सीटवर, एका हाताने गाडीचा काहीतरी भाग पकडून.

हे मी वाचलं तेव्हा मला ते नवीन वाटलंच नाही. माझे वडील नाशिक-मुंबई रोडला ट्रक चालवत, पण त्यांची सुरुवात क्लीनर म्हणून झालेली. ट्रकच्या डावीकडे बसणाऱ्या पोराला काय काय करावं लागतं हे आम्ही भावंडांनी जेवताना इतक्या वेळा ऐकलंय की ते पाठ आहे. ड्रायव्हरला डावी बाजू दिसत नाही, ती क्लीनरने बघायची. दाराच्या पत्र्यावर हाताने थाप मारायची, तिच्यावरून उस्तादला कळायचं की जाऊ दे की थांब. गाडी उभी राहिली की टॉमी म्हणजे लोखंडी सळई घेऊन उतरायचं आणि एकेक टायरवर मारून आवाज ऐकायचा, हवा कमी असली तर आवाज बसका येतो. कसारा घाटात भरलेली गाडी चढाला दमली की चालत्या गाडीतून उडी टाकून मागच्या चाकाखाली दगड लावायचा. आणि रात्रभर बोलत राहायचं. वडील म्हणत, क्लीनर झोपला की उस्तादही झोपतो. त्यांना कुणी ‘तुम्ही आधी काय करत होता’ असं विचारलं तर ते ‘शिकत होतो’ म्हणत नसत. ‘गाडीवर होतो’ म्हणत. क्लीनर होते तेव्हाही ते गाडीवरच होते, स्टिअरिंग हातात नव्हतं एवढंच. ल मान्सच्या फोटोतला मार्तो मला ओळखीचा वाटतो तो या कारणाने, आणि त्याचं पूर्ण नाव छापायचं कुणाला सुचलं नाही याचा मला राग येतो तोही याच कारणाने.

खुद्द सीस कोण होता? हंगेरीतल्या सेगहालोम गावचा, १८७३ चा जन्म, कुलपं बनवण्याच्या कामापासून सुरुवात केलेला कारागीर. पोटासाठी फिरत फिरत पॅरिसला पोचला आणि रेनॉच्या कारखान्यात लागला. १९०२ च्या पॅरिस-व्हिएन्ना आणि १९०३ च्या पॅरिस-माद्रिद शर्यतींत मालक लुई रेनॉ स्वतः गाडी चालवत होता आणि त्याच्या शेजारी मेकॅनिक म्हणून होता सीस. म्हणजे पहिल्या ग्राँ प्रीचा विजेता आधी डावीकडच्याच सीटवर बसलेला माणूस होता.

पॅरिस-माद्रिद ही शर्यत कधी माद्रिदला पोचलीच नाही. इतके अपघात झाले की सरकारने ती बोर्दोलाच थांबवली. लुई आणि सीस बोर्दोला पोचले तेव्हा लुईचा भाऊ मार्सेल रेनॉ मागे रस्त्यात गाडी उलटून जबर जखमी झालेला होता. दोन दिवसांत तो गेला. लुईने पुन्हा शर्यतीत गाडी चालवली नाही, आणि ती जागा पुढे सीसकडे आली. मार्सेल रेनॉचं नाव मोटारींच्या प्रत्येक इतिहासात आहे, असायलाच हवं. पण त्याच दिवशी, त्याच शर्यतीत लोरेन बॅरोच्या गाडीतला मेकॅनिक पिअर रोदेझ जागीच गेला. लेस्ली पोर्टरच्या वुल्सली गाडीतला मेकॅनिक निक्सन जळून गेला. या नावांसाठी पानं उलटावी लागतात. ती तळटिपांत सापडतात, किंवा ‘ड्रायव्हर बचावला’ या वाक्याच्या उत्तरार्धात.

त्या काळातले ड्रायव्हर म्हणजे हौशी श्रीमंत, असं एक चित्र आपल्या डोक्यात असतं. तसे होतेही. पण जिंकणाऱ्यांच्या यादीवरून नजर फिरवली की कारखान्यातली माणसंच जास्त दिसतात. नाझ्झारो लहानपणी तुरीनच्या एका वर्कशॉपमध्ये उमेदवारीला लागला होता, तिथून फियाटमध्ये आला. १९०७ साली तार्गा फ्लोरिओ, जर्मनीतली कैसरप्राइस आणि फ्रेंच ग्राँ प्री अशा तिन्ही मोठ्या शर्यती त्याने जिंकल्या. १९०८ ची फ्रेंच ग्राँ प्री जिंकणारा क्रिस्टियान लाउटेनश्लागर श्टुटगार्टजवळच्या डाइमलरच्या कारखान्यात नव्या गाड्या चालवून तपासणारा फोरमन होता. जिंकला आणि परत कामावर गेला. सहा वर्षांनी, जुलै १९१४ मध्ये लिऑनला पुन्हा जिंकला. पुन्हा कामावर. मला हा माणूस फार आवडतो. त्या १९१४ च्या शर्यतीत फ्रान्सचा लाडका जॉर्ज ब्वायो शेवटच्या फेरीपर्यंत झुंजत राहिला आणि त्याची प्यूजो तिथे मोडली. महिन्याभरात महायुद्ध सुरू झालं. ब्वायो वैमानिक झाला आणि १९१६ मध्ये हवाई लढाईत मारला गेला.

डाव्या सीटवरून उजव्या सीटवर जाणारेही बरेच होते. फियाटचा पिएत्रो बोर्दिनो पोरवयात लान्चा आणि नाझ्झारो या ड्रायव्हरांच्या शेजारी मेकॅनिक म्हणून बसायचा, पुढे स्वतः इटलीतला सर्वांत वेगवान ड्रायव्हर म्हणून नावाजला गेला. १९२१ ची फ्रेंच ग्राँ प्री जिंकणारा अमेरिकन जिमी मर्फी हाही मेकॅनिकच्या सीटवरूनच आलेला. बोर्दिनोच्या आयुष्याचा शेवट इथे सांगायलाच हवा. १९२८ मध्ये आलेस्सांद्रियाच्या शर्यतीसाठी सराव करताना एक कुत्रा आडवा आला, गाडी रस्ता सोडून नदीकडे गेली. बोर्दिनो गेला आणि त्याच्या शेजारचा लासान्यीही. ज्या सीटवरून बोर्दिनो वर आला, त्या सीटवर तोवर दुसरा कुणीतरी बसला होता.

अपघातांची यादी देत बसायची नाही, पण तीन द्यावेच लागतील. १९०८, फ्रान्समधलं दिएप: टायर फुटून सिसाकची पानार गाडी उलटली, सिसाक आणि मेकॅनिक शोब दोघेही गेले. १९१२, पुन्हा दिएप: कोलिने बचावला, त्याचा मेकॅनिक बासान्याना गेला. १९१३: प्यूजोचा झुकारेल्ली साध्या रस्त्यावर गाडीची चाचणी घेत असताना एक बैलगाडीसारखं वाहन समोर आलं, झुकारेल्ली आणि मेकॅनिक फानेल्ली दोघेही जागीच. ड्रायव्हरला निदान स्टिअरिंग असतं. धक्का बसताना दोन्ही हातांनी काहीतरी घट्ट धरलेलं असतं, आणि संकट येताना एक क्षण आधी दिसलेलं असतं. मेकॅनिक त्या क्षणी कदाचित काचेतले तेलाचे थेंब बघत असेल. कदाचित मागे वळलेला असेल.

म्हणून भरवसा हा शब्द इथे जपून वापरावा लागतो. भरवसा होता, नक्कीच होता, पण त्याशिवाय पर्यायही नव्हता. एन्झो फेरारी एक हकीकत सांगत असत. १९३२ ची तार्गा फ्लोरिओ, सिसिलीच्या डोंगरातली. ग्राँ प्रीत मेकॅनिक बंद झाले तरी तार्गात ते तेव्हाही असत. ताझिओ नुवोलारीने अट घातली की मला माझ्यापेक्षा हलका मेकॅनिक द्या. त्याला दिला पारीदे माम्बेल्ली नावाचा पोरगा. नुवोलारीने त्याला सांगून ठेवलं, मी वळणावर फार जोरात शिरलो तर ओरडेन, तेव्हा तू खाली सरकून स्वतःला सांभाळ. शर्यत जिंकून परत आल्यावर फेरारींनी माम्बेल्लीला विचारलं, कसं झालं? तो म्हणाला, पहिल्या वळणाला ओरडायला सुरुवात केली ते शेवटच्या वळणालाच थांबले, मी सगळा वेळ खालीच होतो. लोक ही गोष्ट हसण्यासाठी सांगतात. मला तिच्यात नुवोलारीचा मोठेपणा दिसतो. तो माणूस इतिहासातल्या सर्वांत बेधडक ड्रायव्हरांपैकी एक, आणि तरी प्रत्येक वळणावर त्याला आठवत होतं की शेजारी एक पोरगा आहे आणि त्याला सावध करायला हवं.

आता १९२४ कडे येतो. माझ्या लेखी या सगळ्या गोष्टीचं वर्ष तेच.

ऑगस्ट १९२४, लिऑन. आल्फा रोमिओची नवी पी-टू गाडी, चालवायला अंतोनियो अस्कारी, शेजारी जूलिओ राम्पोनी. आठशे किलोमीटरची शर्यत, सात तासांची. अस्कारी पुढे होता आणि शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना इंजिनात पाणी शिरलं. तो पिटमध्ये, म्हणजे गाडी थांबवून दुरुस्त करायच्या जागी, आला. पाणी भरलं, आता गाडी सुरू व्हायची होती. राम्पोनी पुढे गेला आणि हँडल मारू लागला. सात तास ती उष्णता, तो आवाज, ते धक्के सोसलेला माणूस पुन्हा पुन्हा हँडल फिरवत राहिला, पार कोसळेपर्यंत. गाडी सुरू झाली नाही. शर्यत जिंकली त्याच कंपनीच्या जुझेप्पे काम्पारीने, शेजारी आतिलिओ मारिनोनी. मोटार शर्यतींतले मोठे क्षण कुणी विचारले तर लोक शेवटच्या फेरीत कुणी कुणाला गाठलं ते सांगतील. मी राम्पोनीचं ते हँडल मारणं सांगेन. ती गाडी त्याच्या नावावर नव्हती, विजयही त्याच्या नावावर लागला नसता, आणि तरी हरणं सगळ्यात आधी त्याच्या अंगावर उतरलं.

त्यानंतर सप्टेंबर. इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर सनबीम कंपनीचा ड्रायव्हर डारिओ रेस्ता अपघातात गेला. त्याच्या शेजारी बसलेला मेकॅनिक बिल पर्किन्स जखमी झाला. हा पर्किन्स एरवी केनेल्म ली गिनेस या ड्रायव्हरबरोबर असे. गिनेस म्हणजे बिअरवाल्या प्रसिद्ध घराण्यातला, आणि स्पार्क प्लग बनवणाऱ्या केएलजी कंपनीचा संस्थापक. तीनच आठवड्यांनी स्पेनमधल्या सान सेबास्तियानला शर्यत होती. पर्किन्स अंथरुणात, म्हणून गिनेसच्या शेजारी टॉम बॅरेट बसला. रस्ता ओला, निसरडा. गाडी घसरली, उलटली, दोघेही बाहेर फेकले गेले. गिनेसच्या डोक्याला जबर मार लागला, पण तो जगला. बॅरेट जागीच गेला. शर्यत त्याच कंपनीच्या हेन्री सीग्रेव्हने जिंकली.

गिनेस पुन्हा ग्राँ प्रीत उतरला नाही. त्या जखमांनी त्याला पुढे कधी नीट जगू दिलं नाही, आणि १९३७ मध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं.

१९२५ च्या हंगामापासून ग्राँ प्रीच्या गाडीत मेकॅनिक बसवायला बंदी आली. सीटची जागा मात्र ठेवली. गाडी दोन माणसं बसतील इतकी रुंद असायलाच हवी, असा नियम काही काळ तसाच राहिला. त्या वर्षीचे फोटो बघताना माझी नजर पहिल्यांदा तिकडे जाते. उजवीकडे ड्रायव्हर आणि शेजारी मोकळी जागा, वर पत्रा बसवलेला. मागे बघायला आरसा आला. तेल आणि पेट्रोल चढवायचं काम पुढे पुढे इंजिनच करू लागलं. एकेक काम यंत्राकडे गेलं आणि माणसाची गरज उरली नाही, असं म्हणता येईल. पण नियम त्या कारणाने आला नव्हता. माणसं मरत होती म्हणून आला.

आणि मग २६ जुलै १९२५. पॅरिसजवळच्या मोंलेरीच्या ट्रॅकवर फ्रेंच ग्राँ प्री. अस्कारी पुन्हा पी-टूमध्ये, पुन्हा सगळ्यांच्या पुढे, या वेळी एकटा. हलका पाऊस पडून गेलेला. ट्रॅकच्या कडेला लाकडी खुंट रोवून तारेचं कुंपण केलेलं होतं. एका डाव्या वळणावर अस्कारीचं चाक त्या कुंपणात अडकलं, खुंट उपटत गाडी फरपटत गेली आणि उलटली. दवाखान्यात नेताना तो गेला. वय ३६. आल्फा रोमिओने आपल्या बाकीच्या दोन्ही गाड्या शर्यतीतून काढून घेतल्या. जिंकली ती दलाज कंपनीची गाडी, रोबेर बेनोआ आणि आल्बेर दिव्हो यांनी मिळून चालवलेली. बेनोआने विजयाची फुलं घेतली आणि अस्कारी पडला त्या जागी नेऊन ठेवली. अस्कारीचा मुलगा आल्बेर्तो तेव्हा नुकता सात वर्षांचा झाला होता. तो पुढे दोनदा जगज्जेता होणार होता, आणि तोही ३६ व्या वर्षीच मोंझाच्या ट्रॅकवर जाणार होता.

या दोन तारखा मी पुन्हा पुन्हा एकमेकींशेजारी ठेवून बघितल्या आहेत. बॅरेट गेला सप्टेंबर १९२४ मध्ये. अस्कारी गेला त्यानंतर दहा महिन्यांनी. मधल्या काळात तो एक नियम आला नसता तर मोंलेरीच्या त्या गाडीत, डावीकडच्या सीटवर, जूलिओ राम्पोनी असता. बॅरेटचं नाव ज्यांनी कधी ऐकलं नाही असे पुष्कळ लोक राम्पोनीला ओळखतात, आणि राम्पोनी वाचला त्यात बॅरेटचा वाटा आहे.

नियम बरोबर होता, आणि फार उशिरा आला, हे माझं स्पष्ट मत. १९०३ सालीच रोदेझ आणि निक्सन गेले होते. त्यानंतर एकवीस वर्षं लागली. जुन्या शर्यतींवर प्रेम करणारे काही लोक हळहळतात की मेकॅनिक गेला आणि शर्यतीतली माणुसकी गेली. मला ती हळहळ पटत नाही. कुणाच्या जिवावर आपल्याला ती माणुसकी बघायची होती? माझ्या वडिलांचा एक सोबती क्लीनर घाटात दगड लावायला उतरला तो पुन्हा गाडीवर चढला नाही. वडील त्याच्याबद्दल बोलत तेव्हा कधीही ‘ते दिवस चांगले होते’ असं म्हणत नसत. पण त्या पोराचं नाव मात्र ते दर वेळी घेत, गावासकट, आडनावासकट. मला हवं आहे ते एवढंच. नियम बदलला ते योग्य झालं, पण नियम बदलायच्या आधी जे बसले होते त्यांची नावं विजेत्याच्या नावाशेजारी असावीत. लिऑन १९२४ म्हणताना काम्पारी आणि मारिनोनी. ल मान्स १९०६ म्हणताना सीस आणि मार्तो.

सीस पुढे रेनॉ सोडून पॅरिसच्या शेजारी स्वतःचं गॅरेज चालवू लागला. १९१४ च्या त्या लिऑनच्या शर्यतीत चाळिशीत पुन्हा उतरला होता, आणि रस्त्याच्या कडेला चाक बदलत असताना जाणाऱ्या गाडीचा धक्का लागून जखमी झाला. चाक बदलणं त्याचं काही सुटलं नाही. १९४४ मध्ये फ्रान्समध्येच तो गेला. मारिनोनी आल्फा रोमिओचा मुख्य टेस्ट ड्रायव्हर झाला. बेल्जियममधल्या स्पाची चोवीस तासांची शर्यत त्याने लागोपाठ तीन वर्षं जिंकली, १९२८, १९२९, १९३०, दर वेळी वेगळ्या जोडीदाराबरोबर. १९४० मध्ये मिलानजवळच्या हमरस्त्यावर आल्फाच्या गाडीची चाचणी घेताना समोर ट्रक आला आणि तो गेला. शेवटपर्यंत तो कारखान्याचाच माणूस राहिला.

राम्पोनी जगला. लिऑनला हँडल मारून कोसळलेला राम्पोनी १९२८ च्या मिल्ले मिल्या शर्यतीत काम्पारीच्या शेजारी बसला आणि ते जिंकले. १९२९ मध्ये पुन्हा दोघेच, पुन्हा जिंकले. इटलीच्या साध्या रस्त्यांवरून हजार मैल धावणाऱ्या या शर्यतीच्या निकालात दोन नावं लिहायची पद्धत होती, म्हणून तिथे ‘काम्पारी-राम्पोनी’ असं एका ओळीत छापलेलं आहे, आणि ती ओळ मी आनंदाने वाचतो. त्याच १९२९ च्या मे महिन्यात तो इंग्लंडला ब्रुकलँड्सवर उतरला. दोन दिवस, रोज बारा तासांची शर्यत. बाकीच्या बहुतेक गाड्यांवर आळीपाळीने दोघे ड्रायव्हर होते. राम्पोनीने लहानशा आल्फामध्ये चोवीसच्या चोवीस तास एकट्याने काढले आणि लहान इंजिनांना मिळणारी सवलत धरून केलेल्या हिशेबात मोठमोठ्या बेंटली मागे ठेवून पहिला आला.

पुढे तो इंग्लंडलाच राहिला आणि डिक सीमन नावाच्या तरुण ड्रायव्हरच्या गाड्या सांभाळू लागला. १९३६ साली त्याने सीमनला एक सल्ला दिला, जो तेव्हा अनेकांना वेडगळ वाटला असणार. नवी गाडी घेऊ नकोस, जुनी दलाज घे. ही १९२७ ची दीड लिटरची दलाज, ज्या मॉडेलवर बेनोआने त्या वर्षी एकामागून एक ग्राँ प्री जिंकल्या होत्या. म्हणजे मोंलेरीला अस्कारी गेला त्या दिवशी जी कंपनी जिंकली तिचीच गाडी, आणि तोच बेनोआ. राम्पोनीने ती सगळी खोलली, वजन उतरवलं, इंजिन पुन्हा बांधलं. त्या उन्हाळ्यात सीमनने ती जवळजवळ दहा वर्षांची गाडी घेऊन स्वित्झर्लंडमध्ये बर्नला, इटलीत पेस्काराला आणि इंग्लंडमध्ये डॉनिंग्टनला नव्याकोऱ्या मासेराती आणि ईआरए गाड्यांना हरवलं.